फिरायला रस्ता मिळणेबाबत

आमच्या चेअरमनना खुर्चीवर बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेही फोटोत. सोसायटीच्या कचेरीत तो फोटो लावलेला होता. तालुक्याहून बोलावलेल्या फोटोग्राफरनं त्यांना कसंबसं खुर्चीत बसवलं, पण फोटो निघेपर्यंत त्यांना धीर धरवला नाही. त्यामुळे फोटोत टोपी स्वच्छ, मिशा स्वच्छ, कोटाची बटणं मोजून घ्यावीत अशी, आणि गुडघ्याखाली नुसता धूर. गावातली माणसं नव्या पाहुण्याला मुद्दाम तो फोटो दाखवायची आणि म्हणायची, "बघा, फोटोतबी चाललेत."

गाव आष्टी तालुक्यातलं, कडा गावच्या बाजाराला जाणारं. ते तिथल्या सेवा सोसायटीचे चेअरमन आणि मी बांधकाम खात्याचा नवाकोरा ओव्हरसियर. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. त्या वर्षी आमच्या खात्याला एकच ध्यास होता, माणसांच्या हाताला काम द्यायचं. काम म्हणजे खडी फोडायची आणि रस्ते करायचे. मला खात्याचे नियम तोंडपाठ होते आणि त्याशिवाय जगातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. दोन्हींचा मला सारखाच अभिमान होता.

यष्टीतून उतरलो तर समोर एक उंच, काटकुळा माणूस उभा. उभा म्हणजे जागच्या जागी पावलं टाकत. धोतर वर खोचलेलं, पायात टायरच्या वहाणा, हातात छत्री. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मी छत्रीकडं पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

"पाऊस न्हाई तर न्हाई, ऊन तर हाय ना? ओव्हरशेर ना तुमी? चला."

माझी ट्रंक त्यांनी खांद्यावर घेतली आणि ते सुटले. वाटेत माझी चौकशी सुरू झाली. वडील काय करतात, शेती किती, लग्न झालंय का, कावून न्हाई झालं. माझी खोली सोसायटीच्या गोदामामागं होती. तिथं पोचलो, मी हुश्श केलं आणि ट्रंकेला हात घातला, तर म्हणाले, "तुमच्या मामाचं ऱ्हायलं की इचारायचं." आणि ट्रंकेसकट पुढं निघाले. मला तीन मामा आहेत. गावाला अख्खी दुसरी फेरी झाली तेव्हा कुठं धाकट्या मामाची नोकरी लागली आणि मला खोलीचं दार दिसलं. त्या दिवशी दुपारी चारला पडलो तो दुसऱ्या दिवशी सकाळीच उठलो.

त्यांचा सिद्धांत साधा होता. "पायात असंल तर डोक्यात येतंय." माणूस बसला की त्याचं डोकं बसतं, असं त्यांचं ठाम मत, आणि या मतापायी सोसायटीच्या सभासदांचे फार हाल व्हायचे. सोसायटीची सभा चालत व्हायची. कचेरीपासून निघायचं, ओढा ओलांडायचा, वडापर्यंत जायचं आणि परत. सेक्रेटरीच्या गळ्यात सुतळीनं एक फळी अडकवलेली, त्यावर वही. मी ती वही स्वतः वाचली आहे. "विषय क्रमांक दोन वडापाशी मांडण्यात आला, ओढ्याच्या उतारावर चर्चा होऊन चढावर सर्वानुमते मंजूर." चढावर सर्वानुमतेच मंजूर व्हायचं, कारण विरोध करायला दम लागतो. एक विरोधी गटही होता. पण तो जाडजूड माणसांचा होता आणि नेहमी दीडशे पावलं मागं असायचा. त्यांचं ओरडणं पुढं ऐकू येईपर्यंत ठराव होऊन गेलेला असे.

बांधावरून भांडणारे दोन भाऊ आले की ते एकाला डाव्या अंगाला घेत, एकाला उजव्या, आणि चालायला लागत. मी एकदा मागून गेलो होतो. पहिल्या मैलात शिव्या, दुसऱ्या मैलात जुनी उणीदुणी, तिसऱ्या मैलात थोरला म्हणाला, "चेअरमन, आता बसू द्या, बांध घालू द्या त्याला कुठं घालायचा तिथं." धाकटा लगेच म्हणाला, "न्हाई न्हाई, आण्णा म्हणंल तिथं घालू." चेअरमन मात्र खट्टू झाले. त्यांना चौथा मैल हवा होता.

मला हा माणूस पहिले दोन महिने अजिबात आवडला नाही. माझ्या टाचेला कुरूप झालं होतं.

त्यांच्या बायकोला सगळं गाव काकू म्हणायचं. बुटक्या, गोल, आणि हसायला लागल्या की पदर तोंडाशी नेईपर्यंत हसणं संपलेलं असे, मग नवं हसू सुरू. चेअरमन भाकरीसुद्धा हातावर घेऊन ओट्यावर येरझाऱ्या घालत खायचे. काकू आतून ओरडायच्या, "आवं, चटणी हितं हाय, तुमी कड्याला पोचलाव." या बाई मात्र स्वतः कुठं जात नसत. घर, गोठा, आड. आड आटल्यावर घर आणि गोठा. गोठ्यातली जनावरं छावणीला गेल्यावर नुसतं घर.

आणि काकूंना साखरेचा आजार निघाला. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, गोड बंद, आणि रोज दोन मैल चालायचं, झपाझप, डोक्यावर ओझं नाही, मध्ये थांबायचं नाही. नाही केलं तर साखर डोळ्यांवर उतरेल. एका डोळ्यानं तेव्हाच धुरकट दिसायला लागलं होतं. चेअरमन परत आले ते फार घाबरलेले होते. घाबरले की ते जास्त जोरात चालत. त्या आठवड्यात गावातल्या कुणालाही त्यांच्याशी धड बोलता आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? सगळं आयुष्य चालण्यात घालवलेला नवरा, त्यानं बायकोला बरोबर घेऊन चालावं. त्यांनीही तेच केलं. एका सकाळी दोघं निघाली, मोकळ्या हातांनी, झपाझप. पारावर म्हातारी बसलेली होती, ती सगळी उठून उभी राहिली. एकानं टोपी काढली. "चेअरमन, कोण गेलं वो?"

कारण आमच्याकडं नवराबायको सकाळच्या पारी जोडीनं, हातात पिशवी नाही, डोक्यावर बोचकं नाही, अशी लगबगीनं निघाली म्हणजे कुणाच्या तरी मातीला निघाली, दुसरा अर्थच नाही. चेअरमन म्हणाले, "कोनी न्हाई, आमी फिरायला चाललोय." म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. बिचारे बोलत नाहीत, म्हणजे जवळचंच कुणीतरी असणार. दुपारपर्यंत काकूंच्या ओट्यावर वीसेक बाया सांत्वनाला बसल्या होत्या, आणि एक तर रडायलाही लागली होती. काकू म्हणाल्या, "अगं, कोण मेलंय ते तरी सांग, मंजी मीबी रडते."

मग काकूंनी स्वतः शक्कल लढवली. रिकामी घागर डोक्यावर घ्यायची आणि एकटीनं चालायचं. घागर असली की बाईला कुणी विचारत नाही. शक्कल चांगली होती, वर्ष चुकीचं होतं. मी त्या वेळी कामावर मापं घेत होतो. पाहतो तर काकू टेकडीकडून झपाझप येताहेत, त्यांच्या मागं दहा बाया, दहांच्या मागं तीस, सगळ्यांच्या डोक्यांवर घागरी, कमरेवर कळश्या, हातात पोहरे. चेअरमनची बायको भलत्या वेळी घागर घेऊन एवढ्या घाईनं निघाली म्हणजे कुठंतरी पाणी लागलंय, आणि चेअरमननं गुपचूप घरी सांगितलंय, असा सरळ हिशेब होता. काकू जितक्या जोरात चालत तितक्या मागच्या पळत. शेवटी काकू थांबल्या आणि सगळा घोळका त्यांच्याभोवती गोल उभा राहिला.

"काकू, पानी कुठं हाय?"

"पानी न्हाई बायांनो. डाक्टरनं चालायला सांगितलंय."

"मग घागर कावून घेतलीय?"

काकूंनी हातातल्या घागरीकडं पाहिलं. त्यांना हसू यायला लागलं. त्यांचं पाहून बायाही हसायला लागल्या, आणि कामावरची खडी फोडणारी माणसं हातोडे खाली ठेवून बघत राहिली. पण ज्या बायका घरातला स्वयंपाक टाकून दोन मैल पळत आल्या होत्या त्यांतल्या सगळ्या हसल्या नाहीत. काकूंनी त्या दिवसापासून घराबाहेर पाऊल टाकलं नाही. "माझं डोळं जाऊ द्या," म्हणाल्या, "पर दुष्काळात लोकांची अशी थट्टा करू न्हाई."

चेअरमननी त्याच दिवशी अर्ज लिहिला. स्वतःच्या हातानं, उभ्यानं, भिंतीला कागद लावून. तो अर्ज माझ्यामार्फत जायचा होता म्हणून मी वाचला, आणि मला घाम फुटला. "विषय: आमच्या सौ.ला व गावातील इतर बायांना फिरायला रस्ता मिळणेबाबत. महोदय, गावामागे टेकडी आहे. टेकडीच्या भोवती अडीच मैलांचा गोल रस्ता मिळावा. सदर रस्ता कोठेही जात नाही. सबब त्यावर कोणी कोठे चालला असे विचारणार नाही."

"चेअरमन, दुष्काळी कामाच्या पैशातून असा रस्ता होत नाही," मी म्हणालो. "रस्ता लोकोपयोगी पाहिजे."

"बायका लोकात येत न्हाईत का?"

"तसं नाही. शासनाचा पैसा आहे."

"पब्लिकचाच हाय ना? मग पब्लिकच्या पायाखाली आथरा की." ते खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. माझी खोली तीन पावलांची होती, त्यामुळे सारखं वळावं लागत होतं. "बाजाराला जायाला रस्ता देता. कोर्टात जायाला देता. दवाखान्यात जायाला देता. अन् दवाखान्यात जायाची पाळी येऊ न्हाई म्हणून एक रस्ता मागतोय, तर तुमचा नियम आडवा?"

मी अर्ज पुढं पाठवला, पण आपली मान वाचावी म्हणून "नियमानुसार विचार व्हावा" असं खाली लिहिलं.

आमच्या खात्याच्या कचेरीत तो अर्ज कारकुनानं टेबलावर उभं राहून मोठ्यानं वाचला म्हणतात. नंतर आठवडाभर तिथं कुणी जागेवरून उठलं की बाकीचे विचारायचे, "काय, सौ.ला फिरायला?" आठ दिवसांनी शेरा आला: रस्ता कोठून कोठपर्यंत, याचा खुलासा व्हावा. चेअरमननी खुलासा केला: गावापासून गावापर्यंत. पुन्हा शेरा: कोणत्या गावापर्यंत? खुलासा: आमच्याच. तिसरा शेरा लाल शाईत आला. एकाच गावाचे नाव दोन्ही रकान्यांत लिहिता येत नाही, आणि मोठे साहेब स्वतः येऊन काम बंद करण्याबाबत पाहणी करतील.

काम बंद करण्याचं कारण वेगळंच होतं. आमचा मंजूर रस्ता शेजारच्या गावापर्यंत होता आणि तो संपत आला होता. खडी मात्र दुप्पट फोडून झाली होती. टेकडीच्या पायथ्याशी तिचे ढीग लागले होते. रस्ता संपला की माणसांना दूरच्या कामावर पाठवणार, जाऊन-येऊन बारा मैल. त्यामुळे चेअरमनचा रस्ता आता नुसत्या काकूंचा राहिला नाही. खडी फोडणाऱ्या सगळ्या गँगला तो हवा होता. पण रकाना दोन गावं मागत होता आणि आमच्याकडं एकच होतं.

गँगचा मुकादम डोकेबाज माणूस. एका सकाळी तो चेहरा लांब करून आला आणि म्हणाला, "साहेब, टेकडीवर देव निघालाय." वर जाऊन पाहतो तर एका धोंड्याला शेंदूर फासलेला, पुढं नारळ, आणि पाच-सात माणसं हात जोडून उभी. त्यांतला एक हसू दाबत होता. मुकादम त्याच्यावर खेकसला, "कावून हासतो बे? देव हाय तो." मग मला हळूच म्हणाला, "प्रदक्षिणेचा रस्ता लिवा. प्रदक्षिणा कुठं जात न्हाई, अन् तिला कोनी न्हाई म्हणत न्हाई."

खरं सांगतो, मला तो मुकादम त्या क्षणी देवासारखा वाटला. मी कागद काढलाही होता. तेवढ्यात चेअरमन टेकडी चढून आले. त्यांनी धोंडा पाहिला, मुकादम पाहिला, आणि आधी धोंड्याला हात जोडले.

"बाबा, तुजी काय चूक न्हाई," ते धोंड्याला म्हणाले. मग मुकादमाकडं वळले. "आरं, हितं देव बसला की बाया वहाणा काढून चालतील. मंग उपास धरतील. मंग नवस बोलतील, अन् डोळं गेलं तर म्हणतील नवसात खोट होती. मला तिची चाल पायजे, नवस नगं." आणि उपरण्यानं तो शेंदूर पुसायला लागले. पाणी तर नव्हतंच. कोरडा शेंदूर धोंड्याचा निघाला कमी आणि उपरण्याला, हातांना, कोटाला, मिशांना लागला जास्त. खाली उतरले तेव्हा ते स्वतःच देवाच्या जवळपास दिसत होते. दोन म्हाताऱ्या खरोखर त्यांच्या पाया पडल्या, आणि ते पाय मागं घेत घेत घरापर्यंत पळाले.

मी चिडलो होतो. आयता तोडगा हातचा गेला होता. पण त्या माणसाचं खोटं न बोलणं पाहून मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, रस्ता झाला पाहिजे. नियमात बसवून झाला पाहिजे.

मोठे साहेब आले. देह भरदार, बूट चकचकीत, कपाळावर आठी. जीपमधूनच म्हणाले, "कुठाय तो कुठंच न जाणारा रस्ता? दाखवा लवकर, मला तीन गावं करायची आहेत."

"गाडी हितंच ऱ्हाऊ द्या साहेब," चेअरमन म्हणाले. "एक चक्कर मारू. मंग खुशाल न्हाई म्हणा."

टेकडीभोवती मी चुन्याची फक्की टाकून रेघ आखून ठेवली होती. साहेब वैतागत त्या रेघेवर निघाले. चेअरमन एका अंगाला, मी दुसऱ्या. पहिला अर्धा मैल साहेबांनी आम्हाला झापलं. उद्या कुणी म्हणेल झोपायला रस्ता द्या, असंही म्हणाले. "झोपायला रस्ता लागत न्हाई साहेब," चेअरमन नम्रपणे म्हणाले. पुढच्या अर्ध्या मैलात साहेबांचं झापणं दमानं व्हायला लागलं. मग ते आपल्या बदलीबद्दल बोलायला लागले. टेकडीच्या मागच्या अंगाला वारा होता. तिथं त्यांनी टोपी काढली आणि त्यांच्या आईबद्दल सांगितलं, की ती गावी एकटी असते आणि पत्राला उत्तर पाठवत नाही, रुसली आहे. चेअरमननी एवढंच विचारलं, "किती दिस झालं जाऊन?" साहेब बोटांवर महिने मोजायला लागले. दोन मैल झाले तेव्हा ते गुणगुणत होते. मी माझ्या कानांनी ऐकलं. जीप दिसली तशी म्हणाले, "अरे, आलो सुद्धा?"

पण रकाना रकानाच होता. चेअरमनच्या घरी त्यांच्या सुनेनं केलेला चहा घेत बसलो तेव्हा साहेबांनी ते सांगितलं, आणि सांगताना त्यांना वाईट वाटत होतं. "मला पटलं हो. पण कोठून कोठपर्यंत, हे काय लिहू? तुम्ही सांगा." चेअरमन ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. मी त्यांना इतकं हळू चालताना कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी दाराआडच्या काकूंना विचारलं, "बाई, तुम्ही आधी कधीच चालत नव्हता का? माहेरीबिहेरी?"

काकू दाराआडूनच म्हणाल्या, "माज्या माहेराचं काय सांगू साहेब. माजं माहेर गावातच, वरच्या येशीला. सासर खालच्या येशीला, हे. मधी दोनशे पावलं. माजी वरात निघाली, वाजंत्र्यानं पयलं गाणं धरलं, अन् ते गाणं संपायच्या आत मी सासरी. वाजंत्रीवाला म्हणला, गाणं तर पुरं होऊ द्या, तवा आमाला दारात हुभं केलं गाणं सरंस्तोवर. दुसऱ्या बाया माहेराला जात्यात तर यष्टीत बसत्यात, खिडकीतनं बघत्यात. मी गेले तर दूध उतू जायाच्या आत माघारी. पन्नास वर्सं झाली बगा, वरची येस अन् खालची येस."

साहेब इतके हसले की चहा बशीतून गुडघ्यावर सांडला. गुडघा पुसता पुसता ते थांबले. माझ्याकडं वळले.

"ओव्हरसियर, वरची वेस आणि खालची वेस ही दोन वेगळी ठिकाणं आहेत ना?"

"होय साहेब. पण ती सरळ दोनशे पावलांवर आहेत. हा रस्ता टेकडीला वळसा घालून अडीच मैल."

"रस्ता सरळच गेला पाहिजे, असा नियम आहे का? तुम्हाला पाठ आहेत म्हणे."

मी मनातल्या मनात पहिल्या नियमापासून शेवटच्या नियमापर्यंत गेलो. ओट्यावरची पावलं थांबली होती. "नाही साहेब," मी म्हणालो, "असा नियम नाही." आणि एवढं बोलताना मला जो आनंद झाला तो मला पुढं बढतीच्या पत्रानंही दिला नाही. साहेबांनी तिथंच, चहाचा डाग पडलेल्या गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: वरची वेस ते खालची वेस, टेकडीमार्गे. यात एक अक्षर खोटं नव्हतं. चेअरमननी तो कागद तीनदा वाचला आणि नंतर त्यांना कुठं जावं ते सुचेना, म्हणून ते साहेबांच्या जीपमागं पार कड्याच्या फाट्यापर्यंत चालत गेले.

पुढचे तीन महिने गावात लग्नघर असल्यासारखं होतं. खायला तीच परदेशी लाल मिलो ज्वारी आणि सरकारी सुकडी, पाण्याची तीच मारामार, पण माणसं हसत कामावर येत. शेजारच्या गावची माणसं बघायला यायची आणि विचारायची, हा रस्ता कुठं निघतो? गँगमधल्या बाया सांगायच्या, "सासरला." बैल छावणीत, रोलर ओढायला कुणी नाही, म्हणून चेअरमननी दबाईसाठी सोसायटीच्या सभा त्या खडी-मुरमावर घ्यायला सुरुवात केली. एका महिन्यात सात सभा. विरोधी गटाची जाड माणसं तर त्यांनी हाता-पाया पडून बोलावली. "तुमच्यावाचून दबाई हुईना," म्हणाले. मापाच्या वहीत दबाईचं साधन या रकान्यात काय लिहावं, या विचारानं मी दोन दिवस जेवलो नाही. शेवटी "स्थानिक" असं लिहिलं.

एकदा खडी फोडणारी एक बाई त्यांना म्हणाली, "चेअरमन, आमी दिसभर उन्हात पाय मोडतोय. आमाला आनखी फिरून काय करायचं?"

"डोक्यावर काय न घेता चाललीस का कवा?" चेअरमननी विचारलं.

तिनं थोडा विचार केला. "न्हाई वो."

"मंग ये तशी. ओझं घेऊन आलीस तर हाकलून देईन."

रस्ता झाला तेव्हा पुढाऱ्याला बोलावू, फीत कापू, असं मुकादमाचं म्हणणं होतं. चेअरमन म्हणाले, पुढारी गाडीतून येईल, रस्ता खराब होईल. म्हणून एका दिवशी, ऊन उतरल्यावर, काकू वरच्या वेशीतून निघाल्या. मागं चेअरमन, त्यांच्या मागं मी, आणि बरंच मागं सगळं गाव, कुणालाही काही बघायचं नाही असा चेहरा करून. काकूंना सुरुवातीला लाज वाटत होती. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं, एकदा पदर धरत, एकदा सोडत. अर्ध्या मैलावर त्यांची लाज गेली. एका मैलावर मला धाप लागली. चेअरमन मागून सारखे म्हणत होते, "हळू, हळू." त्यांच्या तोंडी तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

टेकडीच्या उंच अंगाला, जिथून गाव खाली दिसतं, तिथं काकू एकदम थांबल्या. डॉक्टरनं थांबू नका म्हणून सांगितलं होतं. चेअरमन पळत पुढं गेले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. काकू एका डोळ्यावर हात धरून खाली बघत होत्या. आधी चांगल्या डोळ्यावर, मग धुरकट डोळ्यावर.

"काय झालं? दिसंना का?"

"दिसतंय की," काकू म्हणाल्या. "ते आपलं घर. धूर निघतोय, सूनबाईनं चूल पेटवलीय. ह्या टायमाला मी तिथं असते."

त्या घराकडं बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या ज्या घरातून बाहेर बघत होत्या ते त्यांनी एवढ्या लांबून पहिल्यांदा पाहिलं. चेअरमनना काहीतरी बोलायचं होतं, आणि त्यांचे पाय स्थिर होते, म्हणून कदाचित सुचत नव्हतं. माझे डोळे भरून आले, ते मी धुळीवर ढकललं.

मग काकूंना हसू आलं. पदर तोंडाशी न नेता त्या मोठ्यानं हसल्या, आणि आम्हा दोघांना तिथंच सोडून उताराला लागल्या.